गोष्टीला हुंकार हवा

बालमित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा नियम आहे का, जो सगळेजण पाळतात, पण का पाळतात ते कुणालाच ठाऊक नसतं? कुणाच्या घरी पहिली भाकरी गाईची असते. कुणाच्या घरी पुरणपोळीच्या दिवशी एक पोळी मुद्दाम टोपल्यात उरवून ठेवतात. ‘का?’ म्हणून विचारलं तर मोठी माणसं म्हणतात, “आपल्यात तसंच असतं.” झालं! प्रश्न तिथंच संपतो.

आमच्या घरी असा नियम आहे शेंगोळ्यांचा. शेंगोळे केले की प्रत्येकाच्या ताटात पहिल्यांदा मोजून सातच वाढायचे. मग हवे तेवढे घ्या, दहा खा नाहीतर वीस खा, पण पहिले सातच. पाहुणा असला तरी सात आणि पाळण्यातून नुकतंच उतरलेलं लेकरू असलं तरी सातच. कित्येक वर्षं आमच्या घरात हा नियम चालत आला. सात का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. विचारलं ते माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं. तिनं विचारलं म्हणून एक गोष्ट वाचली. कशी, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

त्याआधी शेंगोळे म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचा हिंगोली जिल्हा मराठवाड्यातला. पूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे याचे पाच तालुके. आमचं गाव कयाधू नदीच्या काठी. इकडचं मुख्य अन्न ज्वारी. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, थोडं डाळीचं पीठ, ठेचलेला लसूण, तिखट, जिरं, हळद, मीठ घालून घट्ट मळायचं. मग तळहातांवर वळून बोटाएवढी जाड वळी करायची आणि तिची दोन्ही टोकं जोडून कडं करायचं. लसणाची खमंग फोडणी देऊन पाण्याला उकळी आणायची, तीत ही कडी सोडायची आणि शिजवायची. वरून कच्चं तेल. पावसाळ्याच्या रात्री असं गरम गरम भगुनं चुलीवरून खाली उतरलं की बोलावण्याची गरजच पडत नाही, वासानंच सगळे गोळा होतात.

शेंगोळ्यांची एक गंमत आहे. ते एकट्यानं करायचं काम नाही. पीठ मळायला एक हात पुरतो, पण कडी वळायला चार-सहा हात लागतात. त्यामुळं आमच्या घरी शेंगोळ्यांचा बेत ठरला की काठवटीभोवती सगळी पोरं बसायची, मुलीही आणि मुलगेही. हात कामात गुंतलेले असायचे आणि कान मोकळे. मग आजी गोष्ट सुरू करायची.

आजीची एक अट असायची. गोष्ट सांगताना कुणीतरी हुंकार द्यायचा. तिचं वाक्य संपलं की ‘हूं’ म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. “हूं म्हणणारा झोपला का काय रे?” असं म्हणून ती खरंच गप्प बसायची आणि फोडणीत लक्ष घालायची. आम्ही ओरडायचो, “आजी, हूं! हूं! मग पुढं काय झालं?” की गाडी पुन्हा चालू. तेव्हा वाटायचं, आजीचा हा लहरीपणा आहे. आता वाटतं, किती शहाणपणाची अट होती ती! सांगणारा एकटा गोष्ट जिवंत ठेवू शकत नाही. ऐकणाराही तेवढाच लागतो.

आजीच्या गोष्टी कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या. तिला अक्षरओळख नव्हती. पण आमच्या जिल्ह्याला गोष्टींची काय कमतरता? हिंगोलीपासून जवळच नर्सी नावाचं गाव आहे. संत नामदेवांचं ते जन्मगाव मानलं जातं. म्हणून त्याला नर्सी नामदेव म्हणतात. छोट्या नामदेवाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. वडील घरी नव्हते म्हणून नैवेद्य घेऊन त्याला देवळात धाडलं. त्यानं विठ्ठलापुढं ताट ठेवलं आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसला. शेवटी देवाला जेवावं लागलं! आजी ही गोष्ट सांगताना ताटात काय काय होतं ते अगदी रंगवून सांगायची. त्यात वरण, भात, पुरणपोळी तर असायचीच, पण आमच्या घरी त्या दिवशी जे शिजलेलं असेल तेही असायचं! म्हणजे शेंगोळ्यांच्या दिवशी विठ्ठलानं शेंगोळे खाल्ले आणि अंबाडीच्या भाजीच्या दिवशी अंबाडीची भाजी. आम्ही हसायचो. पण ताटातली भाजी नको म्हणायची सोय उरायची नाही. जी भाजी देवानं खाल्ली तिला आपण नाक कसं मुरडणार?

पुढं मोठेपणी कळलं की याच नामदेवांची ६१ पदं शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. नामदेवांचा काळ तेराव्या-चौदाव्या शतकातला. कुठं मराठवाडा आणि कुठं पंजाब! आगगाडी नव्हती, छापखाना नव्हता. तरी ते शब्द तिथवर पोहोचले आणि टिकले, कारण कुणीतरी म्हणत गेलं आणि कुणीतरी ऐकत गेलं.

आजीच्या काही गोष्टी मात्र नुसत्या गमतीच्या नसायच्या. पेवाची गोष्ट त्यांतलीच. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. आत कडबा, भुसा लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आमच्याकडं पूर्वी अशी पेवं असायची. आजीच्या गोष्टीतल्या पेवात एक भूत राहायचं. पेव उघडल्याबरोबर जो आत उतरेल त्याचा गळा ते आवळायचं. पण त्या भुताला दिव्याची भीती. म्हणून शहाणा शेतकरी पेवाचं तोंड उघडून ठेवायचा, बऱ्याच वेळानं दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर भूत अजून घरातच आहे असं समजायचं. जळत राहिला तर गेलं.

मित्रांनो, हे भूत कोण ते ओळखलंत का? बंद पेवात धान्यामुळं विषारी वायू साठतो आणि आतला प्राणवायू कमी होतो. अशा हवेत दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. विज्ञानाच्या तासाला मला हे शिकायला मिळालं तेव्हा मी चकितच झालो. आजीला कार्बन डायऑक्साइड हा शब्द ठाऊक नव्हता, पण लेकरांना वाचवायचं कसं ते ठाऊक होतं. तिनं ते भुताच्या गोष्टीत बांधून आमच्या हवाली केलं होतं. आजही जुन्या आडात किंवा बंद टाकीत उतरताना दरवर्षी कुठं ना कुठं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्या वाचल्या की मला आजीचा कंदील आठवतो. अर्थात आज कंदिलावर भिसत बसू नका. अशा जागेत मुळीच उतरू नका आणि मोठ्यांना सांगा, हे आमच्या आजीच्या गोष्टीचं आजचं तात्पर्य!

आता येतो सातच्या प्रश्नाकडं.

२००६ सालची गोष्ट. पावसाळा होता. मी तेव्हा हिंगोलीला शिक्षक होतो आणि दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही गावी जायचो. त्या शनिवारी शेंगोळ्यांचा बेत होता. माझी माय, म्हणजे लेकीची आजी, वाढत होती. माझी आजी, म्हणजे लेकीची पणजी, भिंतीला टेकून बसली होती. लेक तिला ‘मोठी आजी’ म्हणायची. ताटात सात शेंगोळे पडले आणि लेकीनं विचारलं, “मोठी आजी, सातच का गं? सहा का नाही?”

माझी माय म्हणाली, “जेव बाई गुमान. आपल्यात तसंच असतंय.”

पण मोठी आजी हसली. म्हणाली, “इचारू दे की तिला. इतक्या वर्सांत कुणी इचारलंच न्हाई.”

आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

“बाहत्तरचा दुष्काळ पडला तवाची गोष्ट हाय, लेकरा.”

“हूं,” लेक म्हणाली.

१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या जुन्या पिढीच्या मनात अजून ताजा आहे. मराठवाड्यात पाऊस असा झालाच नाही. शेतं वाळली, विहिरी आटल्या. सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली. कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव, कुठं नाल्याला बांध. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं राबत होती. खायला घरची ज्वारी नव्हती. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला ‘मिलो’ म्हणत. कामावरच्या माणसांना आणि लेकरांना सुकडी वाटली जायची.

आजी सांगत होती, “मी खडी फोडाया जायची. सांजच्याला मिलो घेऊन यायची. पर त्या पिठाला इरीच नव्हती. भाकर थापाया गेलं की चिरायची, तव्यावर टाकताना तुकडे व्हायचे. तुकडे झाले की पोरांची भांडणं. ह्याचा मोठा, माझा बारका. मग मी शेंगोळे कराया लागले. पान्यात शिजतंय, रस्सा व्हतोय, पोट भरल्यावानी वाटतंय.”

“हूं.”

“घरात नऊ मान्सं. पीठ किती, तर इतुकंच.” आजीनं ओंजळ करून दाखवली. “मला मोजता कुठं येतंय? पर वार तर येत्यात. मग प्रत्येकाच्या ताटात वाढताना म्हणायची, हे सोमवारचं, हे मंगळवारचं, हे बुधवारचं. आयतवार आला की थांबायचं. सगळ्याला सारखं. भांडायचं कारणच न्हाई. पोरं बी खुशीनं खायची. आधी सोमवार खायचा, मग मंगळवार. बाजाराचा वार शेवटाला ठिवायची, त्या वारी खाऊ मिळतोय म्हणून!”

आम्ही सगळे हसलो. लेकही हसली. पण मुलांचे प्रश्न सरळ असतात. तिनं विचारलं, “आणि तुझ्या ताटात गं? तुझ्याही सातच?”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या साली माझा हप्ता दोनच वाराचा व्हता, लेकरा.”

“मग बाकीचे पाच?”

आजीनं बोट वर केलं आणि माझ्याकडं दाखवलं. १९७२ साली मी सहा वर्षांचा होतो. घरात सगळ्यांत धाकटा.

त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. माझी माय त्या घरात चाळीसहून अधिक वर्षं शेंगोळे वाढत होती. तिनंही ही पाचांची गोष्ट पहिल्यांदाच ऐकली. नियम सगळ्यांना पाठ होता, गोष्ट एकटीलाच ठाऊक होती. लेकीनं विचारलं नसतं, तर सात शेंगोळे वाढत राहिलो असतो आणि आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणालं असतं, ‘ही काय अंधश्रद्धा! सातच कशाला?’ आणि नियमही बंद पडला असता.

दोन वर्षांनी, २००८ साली, आजीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आमच्या घरातल्या गोष्टी त्या दिवशी बंद झाल्या असंच आम्हांला वाटलं.

पण लेकीला तसं वाटलं नाही. ती शनिवारी गावी आली की मोठ्या आजीच्या बाजेवर बसायची आणि तिच्याच गोष्टी तिला सांगायची. कधी पेवातलं भूत, कधी नामदेवाचा नैवेद्य. आजीला शब्द जमत नव्हते, पण घशातून एक आवाज निघायचा: ‘हूं.’ ज्या बाईनं आयुष्यभर हुंकार मागितला, ती आता स्वतः हुंकार देत होती! एकदा शेंगोळे भरवताना लेकीनं मुद्दाम खोडी केली. “हे सोमवारचं, हे मंगळवारचं, हे बुधवारचं, हे शुक्रवारचं…” आजीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. डावा हात वर करून बोट हलवलं. गुरुवार राहिला होता! लेकीनं गुरुवारचं शेंगोळं दिलं तेव्हाच तिनं तोंड उघडलं.

आजी २०११ साली गेली. पण गोष्टी काही तिच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या आधीच दुसऱ्या तोंडी आलेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, सर, ही झाली तुमच्या घरची गोष्ट. आम्हांला त्याचं काय? पण असं बघा. पूर्वी गोष्टींना आणि गाण्यांना कामाची सोबत होती. पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणायच्या. हात जात्याचा खुंटा फिरवायचा आणि तोंडून ओवी यायची. त्यात माहेर, भाऊ, पाऊस, दुःख सगळं असायचं. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. फार बरं झालं, कारण दळणाचे कष्ट काही थोडे नव्हते. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याच्यासोबत ओवीही मुकी झाली. तिला म्हणायची जागाच उरली नाही. हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांत जाऊन बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे! आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई आंबोरे यांच्या ओव्या त्यांत आहेत. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात बसून ‘आणखी म्हणा’ म्हणालं, म्हणून त्या आज आपल्याला ऐकायला मिळतात.

पाककृतींचंही तसंच. मराठीत स्वयंपाकाची पुस्तकं आजची नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली निघालं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घरोघर पोहोचलं. ही पुस्तकं मोलाचीच. पण तुमच्या आजीच्या चुलीवरची आमटी कुठल्याच पुस्तकात नसते. ती लिहून ठेवायची तर तुम्हीच.

आणि ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही, बरं का! नकाशात अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळ, समुद्रात क्यूबा नावाचं बेट शोधा. तिथं ‘कासाबे’ नावाची भाकरी करतात. आपल्या भाकरीसारखीच गोल, तव्यावर भाजलेली. ती होते कसाव्याच्या कंदापासून. कसावा तुमच्या ओळखीचाच आहे! उपासाचा साबुदाणा आपल्या देशात याच कंदापासून बनतो. पण कडू कसाव्याच्या रसात विष असतं. म्हणून कंद किसायचा, किसातला रस दाबून दाबून पार काढून टाकायचा, चोथा वाळवायचा, चाळायचा आणि मगच भाजायचा. हे ज्ञान तिथल्या मूळ रहिवाशांचं. युरोपातली माणसं त्या बेटावर येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या आयाआज्या ते लेकरांच्या हाती देत आल्या. त्यात एक पायरी जरी कुणी विसरलं असतं तर? आमच्या पेवाच्या गोष्टीसारखंच हे! २०२४ साली क्यूबासह डोमिनिकन रिपब्लिक, हैती, होंडुरास आणि व्हेनेझुएला या पाच देशांच्या कासाबे करण्याच्या विद्येला युनेस्कोनं मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. एका साध्या भाकरीला केवढा मान! १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातली लाखो माणसं देश सोडून गेली, बरीचशी अमेरिकेत मायामी शहरात स्थायिक झाली. घर गेलं, गाव गेलं, पण काळ्या घेवड्याची उसळ आणि भात त्यांच्या घरांत शिजत राहिला, आणि ताटाभोवती बेटावरच्या आठवणी निघत राहिल्या.

आपल्याकडची माणसंही गाव सोडून जातातच की. हिंगोली जिल्ह्यातली किती कुटुंबं कामासाठी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेली आहेत. माझी लेकही आता पुण्यात नोकरी करते. खोलीवर तिघी मैत्रिणी आहेत. एक कोकणातली, एक खानदेशातली. शनिवारी रात्री ही त्यांना शेंगोळे करून घालते. हळद मात्र इकडूनच नेते, आमच्या वसमतची. या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेल. उन्हाळ्याच्या तोंडी शिवारात हळद शिजायला लागली की त्याचा वास गावभर पसरतो. तो वास डब्यात भरून नेता येत नाही, पण हळद नेता येते, आणि तिच्यासोबत वासाची गोष्ट! मैत्रिणींच्या ताटातही पहिले सातच पडतात. त्या विचारतात, सातच का? आणि लेक सांगायला लागते.

आता तुम्ही काय करायचं, ते सांगतो. मी शिक्षक, त्यामुळं गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही! पण हा गृहपाठ गोड आहे.

एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा. आजी असेल, आजोबा असतील, शेजारच्या काकूसुद्धा चालतील. ‘तुम्हांला काय काय येतं?’ असं मोघम विचारू नका; त्याला उत्तर येत नाही. एकच पदार्थ धरा. तो पहिल्यांदा कुणी शिकवला? कुठल्या सणाला करायचात? दुष्काळात काय खायचात? लग्नात काय वाढायचे? चुलीवर आणि गॅसवर चवीत काय फरक पडतो? एवढं विचारा. पदार्थाचा धागा हाती लागला की गोष्ट आपोआप बाहेर येते.

मग त्यांच्या बरोबर तो पदार्थ करायला बसा. गॅसपाशी आणि चुलीपाशी मोठं माणूस हवंच. आजीला विचाराल, ‘पीठ किती?’ तर ती म्हणेल, ‘अंदाजानं.’ हा अंदाज वहीत कसा लिहायचा? सोपं आहे. तिला ओंजळ भरू द्या आणि भांड्यात पडण्याआधी ती वाटीनं मोजून घ्या. आम्ही तसंच केलं. आमच्या आजीची एक ओंजळ म्हणजे दीड वाटी भरली. चिमूट असेल तर चमच्यात घेऊन बघा. तिचे शब्द तिच्याच तोंडचे लिहा. तिनं ‘इरी’ म्हटलं तर ‘चिकटपणा’ असं सुधारून लिहू नका. हवं तर पुढं अर्थ लिहा. कारण पदार्थाबरोबर तो शब्दही वाचवायचा आहे. घरच्यांच्या मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करता आला तर फारच उत्तम. आमच्या आजीचा आवाज आमच्याकडं नाही. तुमच्याकडं राहू शकेल.

नमुना म्हणून आमच्या वहीतलं एक पान देतो. चार जणांसाठी ज्वारीचं पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी वाटी, डाळीचं पीठ अर्धी वाटी. दहा-बारा लसूण पाकळ्या आणि चमचाभर जिरं एकत्र ठेचायचं. त्यातलं अर्धं पिठात, अर्धं फोडणीत. पिठात तिखट, हळद, मीठ घालून कोमट पाण्यानं घट्ट मळायचं. सुपारीएवढा गोळा बाजूला ठेवायचा. बाकीची कडी वळायची. फोडणी करून सहा-सात वाट्या पाणी ओतायचं, चवीपुरतं मीठ घालायचं. पाणी खळखळा उकळल्यावरच कडी सोडायची, तीही थोडी थोडी. लगेच ढवळायचं नाही, मोडतात! बाजूला ठेवलेला गोळा पाण्यात कालवून ओतला की रस्सा दाट होतो. पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर शिजवायचं. या पानाखाली लेकीनं दहाव्या वर्षीच्या अक्षरात लिहून ठेवलंय: ‘सोमवार ते रविवार. मोठ्या आजीचे फक्त दोन.’

आणि आईबाबांनाही एक सांगणं. आता घरी दळण नाही, चूल नाही, अंगणात बाज नाही. म्हणजे गोष्टीच्या जुन्या जागा गेल्या. नवी जागा आपल्यालाच करावी लागेल. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. त्या दिवशी दूरदर्शनचा पडदा आणि मोबाइलचा पडदा, दोन्ही बंद. सगळ्यांनी मिळून करायचा एखादा पदार्थ निवडा. मग ते शेंगोळे असोत, चकोल्या असोत, शेवया असोत नाहीतर करंज्या. हात पिठात गुंतले की मोबाइल धरता येत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा! मुलग्यांना ‘तू जा, अभ्यास कर’ म्हणून उठवू नका. त्यांनाही वळू द्या. कडं गोल झालं नाही तरी शिजतंच.

तर मित्रांनो, येत्या रविवारी वही काढा आणि एक ‘का?’ विचारा. उत्तर सुरू झालं की मध्येच उठू नका, घाई करू नका. सांगणारं माणूस थांबलं तर ते विसरलं असं समजू नका. कदाचित आठवत असेल, कदाचित डोळे पुसत असेल. तुम्ही फक्त एवढंच म्हणत राहा: हूं.